आमचे समतोल भावोजी

आमचे भावोजी दातांचे डॉक्टर आहेत. भावोजी म्हणजे माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांच्याच दवाखान्यात कामाला आहे, त्यामुळे त्यांचे घरचे आणि बाहेरचे असे दोन्ही अवतार मला रोजच्या रोज बघायला मिळतात. फोन घेणं, लोकांना वेळा देणं, खुर्चीवर आडव्या पडलेल्या माणसाच्या तोंडात लाळ ओढायची नळी धरणं, आणि तो माणूस गेला की भावोजींचं उरलेलं भाषण ऐकणं, ही माझी कामं. त्यातल्या शेवटच्या कामासाठी कुणी माणूस मिळाला तर ठेवा, असं मी ताईला कितीदा तरी सांगितलं होतं.

दवाखाना औषधांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. जिना इतका अरुंद की वर येणाऱ्याला आणि खाली जाणाऱ्याला एकमेकांचे सुजलेले गाल जवळून बघावे लागतात. बाहेरच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या, काचेच्या कपाटात लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे, आणि भिंतीवर एका हसणाऱ्या बाईचं चित्र. आतल्या खोलीत ती खुर्ची, वर दिवा, शेजारी अवजारांचा ट्रे. ट्रेच्या कडेला जिथे कापसाच्या वळकट्यांचा डबा असायला हवा, तिथे भावोजींचा टॅब. डबा खिडकीत ठेवलेला असायचा आणि दर वेळी मला उठून आणावा लागायचा.

वाद घालायला या खुर्चीसारखी दुसरी जागा नाही. समोरच्याचा जबडा उघडा, अर्धा गाल बधिर, ओठाखाली कापूस. भावोजी आत आरसा घालत विचारणार, "निवडणुका वेळेआधी घ्याव्यात का? तुम्हाला काय वाटतं?" तो बिचारा "आँ, आँ" करणार. "बरोबर, ही झाली एक बाजू," असं म्हणून भावोजी दुसरी बाजूही स्वतःच मांडणार, आणि दाताचा खळगा भरून होईपर्यंत दोन्ही बाजूंना सारखेच गुण देऊन मोकळे होणार. पेशंट चूळ भरून काही बोलायला तोंड उघडतो तोवर पुढच्याचं नाव पुकारलेलं असायचं.

पण हा नुसता सराव होता. भावोजींचं खरं कार्यक्षेत्र म्हणजे 'गोलमेज'. ही आमच्या गावातल्या लोकांची इंटरनेटवरची चर्चेची जागा. बागकाम, प्रवास, जुनी घड्याळं, मांजरं, ज्याचा त्याचा वेगळा विभाग आणि सगळ्यांनी टोपणनावाने लिहायचं. मांजरवाले आणि घड्याळवाले सुखाने नांदत होते. राजकारणाच्या विभागात मात्र रोज एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. शेवटी चालक मंडळींनी कंटाळून शोध घेतला की या विभागात असा कोण आहे, जो आजवर एकदाही कुणावर घसरलेला नाही. तेव्हा आमचे भावोजी सापडले. घसरायला आधी कुठेतरी उभं राहावं लागतं, आणि भावोजींनी आजवर कशावरच स्वतःचं मत दिलं नव्हतं. त्यांचं टोपणनाव 'समतोल'. अशा रीतीने ते राजकारण विभागाचे नियंत्रक झाले.

त्यांनी तिथे शिस्त आणली, हे मला कबूल करायला हवं. शिव्या बंद झाल्या. भावोजींचा पहिला नियम असा की, कुणाचं म्हणणं खोडून काढण्याआधी ते म्हणणं आपल्या शब्दांत मांडून दाखवायचं. "आपलं म्हणणं असं की..." अशी सुरुवात करायची. समोरच्याने "हेच म्हणायचं होतं" अशी पावती दिली, की मगच पुढे बोलायचं. आता राजकारणात पडलेला कुठला माणूस अशी पावती देईल? पाण्याच्या टाकीवरचा वाद टाकी मंजूर व्हायच्या आधी सुरू झाला. टाकी बांधून झाली, रंगवून झाली, गळायला लागली, तरी ते दोघे एकमेकांना "नाही, मला असं म्हणायचं नव्हतं" इतकंच लिहीत होते. भावोजी हा वाद नवीन सभासदांना उत्तम चर्चेचा नमुना म्हणून दाखवायचे.

दुसरा नियम, माणसावर शेरा मारायचा नाही. कुणाला खोटारडा म्हणायचं नाही. फार तर "आपल्या विधानाशी वस्तुस्थिती जुळत नाही" असं म्हणायचं. आणि तिसरा नियम, ज्याच्यावर भावोजींचा भलताच जीव होता, तो म्हणजे ऐकीव गोष्ट लिहायला हरकत नाही, फक्त वर 'ऐकीव' असा शिक्का लावायचा. शिक्का लावला की लिहिणाऱ्याचा प्रामाणिकपणा सिद्ध. नियम मोडणाऱ्याला आधी समज, मग तंबी, आणि मग विश्रांती. हकालपट्टी हा शब्द भावोजींना असंस्कृत वाटायचा. "आपणांस काही काळ विश्रांती देण्यात येत आहे" असं ते लिहायचे आणि खाली एका फुलाचं चित्र टाकायचे.

ताई म्हणजे याच्या नेमकी उलट. तिला मत असतं, आणि ते ती समोरच्याच्या तोंडावर सांगते. ती बालवाडीत शिकवायची. तिच्या वर्गाच्या छताला आधी ओल आली, मग फुगवटा आला, मग बारीक बारीक तुकडे पडायला लागले. मोठ्या बाईंनी सांगितलं, बघू. ताईने नगरपालिकेला कळवलं, तिथून उत्तर आलं की दुरुस्ती नुकतीच झालेली असल्यामुळे छत सुस्थितीत आहे. नंतर एक दिवस मुलं चित्रं काढत बसलेली असताना ताईला वरून करकर ऐकू आली. तिने खाली बसलेल्या मुलीला दंडाला धरून असं काही खेचलं की मुलगी बाकावर आपटली आणि तिच्या पुढच्या दाताचा टवका उडाला. ती बसली होती तिथे परातीएवढं प्लास्टर येऊन पडलं.

मला तो दिवस पक्का आठवतो, कारण त्या मुलीला उचलून ताई सरळ आमच्या दवाखान्यात आली. मागोमाग मुलीची आई आली, अनवाणी. भावोजींनी दात जोडला. हात त्यांचा चांगला आहे, त्यात वाद नाही. मी त्या चिमुरडीचं डोकं धरून उभी होते. तिची आई ताईचे दोन्ही हात धरून म्हणाली होती, "तुम्ही नसता तर माझी पोर आज नसती." हे भावोजींच्या समोर झालं. त्यांनी मान हलवली होती आणि दोन दिवस कडक काही खायला देऊ नका, असं सांगितलं होतं.

त्यानंतर ताईने छताचे फोटो काढून सगळीकडे पाठवले, आणि सुट्टी संपल्यावर तिला शाळेतून कळवण्यात आलं की यंदा तुमची गरज नाही. ताई रडली नाही. प्रभागाची निवडणूक तोंडावर होती, ती गेली आणि अर्ज भरून आली. समोर गेली कित्येक वर्षं निवडून येणारे नगरसेवक उभे होते. तरी बालवाडीत मुलं सोडायला येणाऱ्या आया तिला ओळखत होत्या, आणि पहिल्या आठवड्यातच तिच्याबरोबर दारोदार फिरायला बायका आपणहून यायला लागल्या. यावेळी नगरसेवक पडणार, असं औषधांच्या दुकानातसुद्धा लोक उघड बोलत होते.

ज्या माणसाने आयुष्यभर राजकारणावर चर्चा केली, त्याच्या घरातच उमेदवार निघाला. मला वाटलं होतं, भावोजी निदान एखादी संध्याकाळ टॅब बाजूला ठेवतील. त्यांनी ताईला जेवणाच्या टेबलाशी बसवून गंभीरपणे सांगितलं की, नियंत्रक या नात्याने मी कुणाचीही बाजू घेणार नाही, तू निश्चिंत राहा. जणू काही मोठी भेटच देत होते. ताई हसली आणि म्हणाली, बाजू राहू दे, पत्रकांचे गठ्ठे तेवढे तळमजल्यावर नेऊन ठेवा. तेही भावोजींनी केलं नाही, कारण कुणी बघितलं असतं तर गैरसमज झाला असता.

आणि मग गोलमेजवर ते आलं. लिहिणाऱ्याचं टोपणनाव 'सडेतोड'. वर ठळक शिक्का, 'ऐकीव'. खाली मजकूर असा, की आपल्या प्रभागातल्या एका महिला उमेदवाराला लहान मुलीला मारहाण केल्यामुळे बालवाडीतून काढलं असं समजतं, मुलीचा दातही तुटला म्हणे, खरंखोटं देव जाणे, केवळ माहितीसाठी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी टॅब घेऊन भावोजींसमोर धरला. ते हात धूत होते.

"वाचलं मी," ते म्हणाले. "शिक्का लावलाय त्याने."

"भावोजी, तो दात तुम्ही जोडलाय."

"तो मुद्दा वेगळा. त्याने ऐकलं म्हणून लिहिलं. ऐकलं असेल तर त्यात खोटं काय आहे?"

"मग खरं काय ते तुम्ही लिहा."

त्यांनी हात पुसले, एकेक बोट वेगळं. मग मला समजावून सांगितलं की ते उमेदवाराचे पती असल्यामुळे त्यांचे हितसंबंध आहेत, शिवाय पेशंटची माहिती उघड करता येत नाही, आणि उमेदवार ही सार्वजनिक व्यक्ती असल्यामुळे वैयक्तिक शेऱ्याचा नियम तिला लागू होत नाही. तिन्ही कारणं त्यांनी इतक्या शांतपणे सांगितली की मला क्षणभर वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. मग मी बाहेरच्या खोलीत जाऊन माझ्या टोपणनावाने सगळी हकीकत लिहिली. पाच मिनिटं झाली नसतील, ती दिसेनाशी झाली आणि मला निरोप आला, "आपण उमेदवाराच्या नात्यातील असल्याचे समितीस ज्ञात असल्यामुळे आपला मजकूर काढण्यात येत आहे." समिती म्हणजे भावोजी. ज्ञात म्हणजे मी भिंतीपलीकडे बसून लिहीत होते.

सडेतोड कोण, हे आम्हाला शोधायची गरजच नव्हती. तो फरशीवाला. बाजारात त्याचं फरशांचं दुकान आहे, शिवाय तो प्लास्टरची आणि छताची कामं घेतो. बालवाडीचं छत त्यानेच दुरुस्त केलं होतं, नगरसेवकांच्या शिफारशीने. आपण गोलमेजवर सडेतोड आहोत, हे तो आमच्या बाहेरच्या खोलीत बसून येईल त्याला सांगत असे. भावोजींना हे सगळं ठाऊक होतं. पण टोपणनावामागचा माणूस उघड करायचा नाही, हाही त्यांचाच नियम. म्हणजे मी टोपणनावाने लिहिलं तरी मला हितसंबंध असतात, फरशीवाल्याने टोपणनाव घेतलं की त्याचे जातात.

त्याच आठवड्यात फरशीवाल्याची दाढ ठणकायला लागली. खुर्चीवर आडवा झाला, तोंड उघडलं. मी नळी आत घातली ती जरा जास्तच मागे घातली. त्याला ठसका लागला. भावोजींनी माझ्याकडे रागाने बघितलं आणि त्याची क्षमा मागितली. मग दाढेच्या मुळात सुई फिरवत त्याला म्हणाले की, त्या दिवशी तुम्ही शिक्का न विसरता लावलात, त्याचं मला कौतुक वाटलं, हल्ली एवढी काळजी कोण घेतं. फरशीवाल्याने उघड्या तोंडाने "आँ" केलं. बायकोची बदनामी करणाऱ्याच्या दाढेचा ठणका हा माणूस फुंकर घातल्यासारखा हळुवार काढत होता. मला दोघांचीही किळस आली.

ताईला हे प्रकरण दुसऱ्याच कुणाकडून कळलं. तिला त्या मुलीच्या आईला शोधून बोलावता आलं असतं, पण ती बाई मुलीला घेऊन दुसऱ्या गावी राहायला गेली होती, आणि ताई म्हणाली की त्या पोरीला मी प्रचारात ओढणार नाही, एकदा घाबरली तेवढं पुरे. तिने गोलमेजवर नाव नोंदवलं. टोपणनावाच्या जागी स्वतःचं पूर्ण नाव घातलं, आणि लिहिलं, "ती उमेदवार मी. हे लिहिणारा खोटारडा आहे. छत कुणी दुरुस्त केलं होतं ते त्याला विचारा."

भावोजींनी तिला समज दिली. त्यांनी लिहिलं की आपण समोरच्याचं म्हणणं आधी आपल्या शब्दांत मांडलेलं नाही, शिवाय वैयक्तिक शेरा मारला आहे. ताईने लिहिलं, "त्याचं म्हणणं माझ्या शब्दांत मांडायचं तर ते खोटं आहे, एवढंच मांडता येईल." भावोजींनी तंबी दिली. ताईने लिहिलं, "अहो, हे काय चाललंय तुमचं?" यात नियंत्रकाची वैयक्तिक ओळख उघड होत होती. भावोजी तेव्हा एका आजीबाईंच्या कवळीचं माप घेत होते. तोंडात घातलेला मापाचा लगदा घट्ट होईपर्यंत थांबावं लागतं. तेवढ्या वेळात त्यांनी हातमोजा काढून, टॅबवर बोट टेकवून, आपल्या बायकोला विश्रांती दिली. खाली फूलही टाकलं.

संध्याकाळपर्यंत सभासदांनी त्यांच्यावर कौतुकाचा पाऊस पाडला. याला म्हणतात निःपक्षपातीपणा, असा नियंत्रक होणे नाही, वगैरे. भावोजी मला एकेक वाचून दाखवत होते. "उद्या कुणी म्हणायला नको की मी घरच्यांना सवलत दिली," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज भरून आला होता. मी विचारलं, ज्याने खोटं लिहिलं त्याला काय दिलंत? तर म्हणाले, त्याने कुठलाच नियम मोडलेला नाही.

पुढचं कुणालाही कळलं असतं, एक भावोजी सोडून. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रभागातल्या फाटकांवर, बसथांब्यावर, दुधाच्या दुकानाशेजारी कागद चिकटवलेले होते. वर सडेतोडचा मजकूर, त्यातला 'ऐकीव' शब्द कापून टाकलेला. मध्ये ताईला विश्रांती दिल्याची नोटीस, फुलासकट. आणि खाली मोठ्या अक्षरांत, की जिला खुद्द तिच्या नवऱ्याने गप्प बसवलं, तिच्या हाती तुमची मुलं द्याल का? गोलमेज प्रभागात मूठभर लोकच वाचायचे. हा कागद सगळ्यांनी वाचला. ताईबरोबर दारोदार फिरणाऱ्या बायकांपैकी काहींना त्या दिवशी अचानक घरी काम निघालं.

ताईने आमच्या फाटकावरचा कागद काढून आणला आणि भावोजींच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला. त्यांनी तो वाचला आणि पहिली प्रतिक्रिया दिली ती अशी, की शिक्का कापायला नको होता, हे अप्रामाणिक आहे. ताई म्हणाली, मग निदान आता एक ओळ लिहा. त्या दिवशी दवाखान्यात काय झालं, तेवढंच. मीही दाताच्या कण्या केल्या. भावोजी म्हणाले, मी समितीपुढे विषय ठेवतो. ताईने मला नंतर विचारलं की समितीत आणखी कोण कोण आहे. मी तिला खरं सांगितलं.

मतदानाच्या आधी उमेदवारांची जाहीर सभा होती, वाचनालयाच्या सभागृहात. घडीच्या खुर्च्या, एक कुरकुरणारा माईक, टेबलावर पाण्याच्या बाटल्या. नगरसेवक येणाऱ्याजाणाऱ्याला नावाने हाक मारत होते. भावोजी मागच्या रांगेत बसले, दाराजवळ, कुणाच्याच बाजूला नाही असे. फरशीवाला पुढे मधोमध होता.

प्रश्नांची वेळ आली तेव्हा मांडीवर मूल घेऊन बसलेली एक बाई उभी राहिली. तिच्या मनात काही खोट नव्हती, ती खरंच काळजीत होती. तिने ताईला विचारलं की तुम्ही त्या मुलीला मारलं होतंत का, माझी मुलगी पुढच्या वर्षी त्याच बालवाडीत जाणार आहे. ताईने सगळं सांगितलं, छत, आवाज, दंडाला धरून खेचणं, दात. कुणीतरी मागून म्हणालं, हे तर तुम्ही म्हणताय. मी उठून म्हटलं की मी तिथे होते, मी मुलीचं डोकं धरलं होतं. तोच आवाज म्हणाला, बहीणच ना तुम्ही? आणि लोक हसले.

ताईने माईक हातात घेतला. "माझी बहीण राहू दे," ती म्हणाली. "तो दात ज्यांनी जोडला, ते मागे बसलेत. अहो, जरा उठा. मुलीची आई तुमच्यासमोर मला काय म्हणाली होती, तेवढं एक वाक्य सांगा. माझी बाजू घेऊ नका. जे कानांनी ऐकलंत तेच सांगा."

सगळ्या माना मागे वळल्या. भावोजी उठले. त्यांनी कॉलर नीट केली. गावातल्या अर्ध्या लोकांचे दात त्यांच्या हाताखालून गेलेले आहेत, त्यांच्या शब्दाला वजन आहे. ते एक वाक्य बोलले असते तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. मला ते वाक्य त्यांच्या ओठांवर दिसतंय असं वाटत होतं. मी मनातल्या मनात हात जोडले.

"या विषयात माझे हितसंबंध गुंतलेले आहेत," भावोजी म्हणाले. "त्यामुळे मी काही बोलणं उचित होणार नाही. नागरिकांनी दोन्ही बाजू ऐकून स्वतः निर्णय घ्यावा."

आणि ते बसले. मग फरशीवाल्याने टाळी वाजवली, आणि त्याच्या पाठोपाठ गोलमेजवाल्या चारसहा जणांनी. प्रश्न विचारणाऱ्या बाईने मूल काखोटीला मारलं आणि माणसांतून वाट काढत ती बाहेर गेली. ताईने नवऱ्याकडे बघितलं, फार वेळ नाही. मग माईक टेबलावर ठेवत ती म्हणाली, "पुढचा प्रश्न."

ताई पडली. फार मोठ्या फरकाने पडली. नगरसेवकांनी गुलदस्ता पाठवला, तो तिने शिपायाच्या हाती परत दिला.

त्यानंतर काही दिवसांनी त्या मुलीची आई नातेवाइकांकडे आली असताना तिच्या हाती तो कागद पडला. ती बाई तरातरा फरशीवाल्याच्या दुकानात गेली आणि भर गिऱ्हाइकांसमोर त्याला जे काही बोलली, ते गोलमेजच्या एकाही नियमात बसणारं नव्हतं. गावभर झालं. फरशीवाल्याने गोलमेजवर दिलगिरी लिहिली, की माझं विधान ऐकीव होतं, ते वस्तुस्थितीशी जुळत नसल्याचं निदर्शनास आलं आहे, कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास खेद आहे. भावोजींना ती दिलगिरी इतकी आवडली की त्यांनी ती विभागाच्या सगळ्यात वर कायमची लावून टाकली. दिलगिरी कशी व्यक्त करावी, हे नव्या सभासदांना कळावं म्हणून. ताईची विश्रांतीही त्याच दिवशी संपत होती. घरी जाऊन त्यांनी तिला ही आनंदाची बातमी दिली की, तुला आता लिहिता येईल.

"आभारी आहे," ताई म्हणाली.

त्या दिवसापासून ताई त्यांच्याशी भांडलेली नाही. आधी त्या घरात ओल्या टॉवेलवरून, उघड्या राहिलेल्या खिडकीवरून, टॅबवरून रोज काहीतरी चालायचं. मी जिन्यात असतानाच मला ताईचा आवाज ऐकू यायचा. आता टॉवेल पलंगावर पडलेला असला तर ती उचलून वाळत घालते. भावोजींनी जेवताना कुठलाही विषय काढला तरी पूर्ण ऐकून घेते आणि म्हणते, आपलं म्हणणं रास्त आहे. आधी त्यांना 'अहो' म्हणायची, आता काहीच म्हणत नाही. मीठ हवं असेल तर "कृपया" म्हणून मागते. मी तिथे जेवायला बसले की मला घास उतरत नाही, आणि भावोजी मात्र दोन घास जास्त जेवतात.

परवा ते हात धुता धुता फार खुशीत होते. मी ट्रेवर अवजारं मांडत होते.

"घरात आता आवाज म्हणून चढत नाही," ते मला म्हणाले. "तुझी ताई किती समंजस झालीय, बघतेस ना? लोकांनी शिकण्यासारखं आहे. मतभेद कसे हाताळावेत, यावर मी एक लेख लिहिलाय."

मी विचारलं, ताईला दाखवलात का. म्हणाले, हो, तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि एकही दुरुस्ती सुचवली नाही.

मी बाहेर जाऊन पुढच्या पेशंटला आत पाठवलं. माझ्या घराची मागची खोली ताईने आणि मी मिळून गेल्या रविवारीच रंगवून घेतली होती, आणि त्या दिवशी संध्याकाळी तिचा पलंग यायचा होता.